जेट एअरवेज बुडाली: विमानं गेली, स्लॉट गेले, पण कर्मचाऱ्यांच्या पगाराचं काय झालं?

७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेज या कंपनीचं लिक्विडेशन करा, असा आदेश दिला. साध्या भाषेत सांगायचं तर कंपनी पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न आता थांबवा, जे काही उरलं आहे ते विका आणि ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना वाटून टाका.

जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं होतं ते १७ एप्रिल २०१९ च्या रात्री. म्हणजे उड्डाणं थांबणं आणि कंपनी कायद्याने संपणं यात साडेपाच वर्षं गेली.

या साडेपाच वर्षांत जेटच्या बऱ्याच विमानांना नवे मालक मिळाले. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवरच्या तिच्या वेळा दुसऱ्या कंपन्यांना मिळाल्या. प्रवाशांनी दुसरी तिकिटं काढली. थकलेला पगार, पीएफ आणि ग्रॅच्युइटी यासाठी कोर्टाची पायरी चढत राहिले ते जेटचे कर्मचारी.

विमान कंपनी बुडते तेव्हा नेमकं काय होतं? कायद्यात कामगारांचा नंबर कितवा लागतो? आणि नंबर वर असूनही हातात थोडंच का पडतं? समजून घेऊया.

जेट एवढी मोठी झाली कशी?

१९९० च्या सुरुवातीपर्यंत भारतात विमानसेवा म्हणजे सरकारी इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया. सरकारने खासगी कंपन्यांना एअर टॅक्सी म्हणून परवानगी द्यायला सुरुवात केली आणि ५ मे १९९३ रोजी नरेश गोयल यांच्या जेटने चार भाड्याच्या बोईंग ७३७ विमानांसह सेवा सुरू केली. त्याच काळात आलेल्या दमानिया, मोदीलुफ्त, ईस्ट वेस्ट या कंपन्या काही वर्षांत बंद पडल्या. जेट टिकली.

वेळ पाळणारी, जेवण चांगलं देणारी कंपनी म्हणून तिचं नाव झालं. २००४ मध्ये चेन्नई-कोलंबो मार्गाने ती परदेशात गेली, २००५ मध्ये शेअर बाजारात आली. मुख्य कार्यालय मुंबईत, अंधेरी पूर्वेला सहार एअरपोर्ट रोडवर. त्यामुळे जेट देशभर उडत असली तरी तिचे हजारो कर्मचारी मुंबईतले. उपनगरांपासून वसई-विरार, ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईपर्यंत अशी घरं होती जिथे कुणीतरी 'जेटला' होतं.

मग बिनसलं कुठे?

एकाच चुकीने एवढी मोठी कंपनी बुडत नाही. जेटच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी एकावर एक रचत गेल्या.

पहिली गोष्ट, २००७ मध्ये जेटने एअर सहारा ही कंपनी १,४५० कोटी रुपयांना विकत घेतली आणि तिचं नाव जेटलाइट ठेवलं. हा सौदा महागात पडला, असं विमान क्षेत्रातले बहुतेक जाणकार मानतात.

दुसरी गोष्ट, इंडिगो, स्पाइसजेट, गो एअर या स्वस्त कंपन्या आल्या. जेटचा खर्च महागड्या कंपनीचा होता, पण तिकीट स्वस्त कंपन्यांशी स्पर्धा करत विकावं लागत होतं. २०१२ मध्ये इंडिगोने देशातला पहिला नंबर पटकावला. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेटचा २४ टक्के हिस्सा सुमारे २,०६० कोटींना घेतला. त्याने काही वर्षं निभावली, पण मूळ दुखणं तसंच राहिलं.

तिसरी गोष्ट, इंधन आणि डॉलर. विमान कंपनीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा इंधनाचा असतो. विमानाचं भाडं आणि सुटे भाग यांचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. प्रवासी मात्र रुपयात पैसे देतो. २०१८ मध्ये तेल महागलं आणि रुपयाही घसरला. भारतात विमान इंधन जीएसटीत येत नाही, त्यावर राज्यं व्हॅट लावतात. महाराष्ट्रात तेव्हा मुंबई-पुण्याला हा व्हॅट २५ टक्के होता. तो १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात केली, पण तोवर जेट बंद पडून चार वर्षं होत आली होती.

परिणाम काय झाला? एप्रिल ते जून २०१८ या एकाच तिमाहीत जेटला १,३२३ कोटी रुपयांचा तोटा झाला. पायलटांसमोर पगारकपातीचा प्रस्ताव ठेवला गेला. त्यानंतर पगार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांत येऊ लागले. डिसेंबर २०१८ अखेर बँकांचा हप्ता चुकला. २५ मार्च २०१९ ला नरेश आणि अनिता गोयल संचालक मंडळातून बाहेर पडले. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँका १,५०० कोटी रुपये घालतील, असं जाहीर झालं होतं. ते पैसे आले नाहीत. शेवटी तातडीचे ४०० कोटी तरी द्या, अशी विनंती झाली. बँकांनी नकार दिला आणि १७ एप्रिलला उड्डाणं थांबली.

गोयल यांच्यावर पुढे बँकेच्या कर्जाबाबत गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ईडीने त्यांना अटक केली. तो खटला वेगळा. इथे प्रश्न कर्मचाऱ्यांचा आहे.

किती लोकांच्या नोकऱ्या गेल्या?

जेटवर थेट अवलंबून असलेली माणसं होती सुमारे २० हजार. विमानं होती सव्वाशेच्या आसपास. साधा भागाकार केला तरी एका विमानामागे दीडशेहून जास्त माणसं येतात.

पण विमान कंपनीतली 'नोकरी' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते पायलट आणि एअर होस्टेस. प्रत्यक्षात ती यादी खूप लांब असते. चेक-इन काउंटरवरचे, सामान चढवणारे लोडर, विमान धुणारे, इंजिन तपासणारे तंत्रज्ञ, हिशेब बघणारे, कॉल सेंटरवाले, ड्रायव्हर. यातले बरेच कंत्राटी होते, त्यामुळे ते जेटचा गणवेश घालत असले तरी कागदावर दुसऱ्याच कंपनीचे होते.

त्यापलीकडे आणखी एक वर्तुळ असतं. विमानात जेवण पुरवणारी किचन्स, क्रूला पहाटे घरून उचलणाऱ्या गाड्या, क्रू उतरतो ती हॉटेलं, गणवेश धुणारी लाँड्री, तिकीट विकणारे एजंट. मरोळ, सहार, अंधेरी, विलेपार्ले, कलिना या पट्ट्यात विमानतळावर पोट असलेले असे अनेक धंदे आहेत. या लोकांची नोंद कुठल्याही 'नोकऱ्या गेल्या'च्या आकड्यात होत नाही, कारण त्यांची नोकरी जात नाही, गिऱ्हाईक जातं.

मुंबईबाहेरही झळ बसली. औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथून मुंबईला जाणारी जेटची सेवा बंद झाली आणि आधीच मोजक्या असलेल्या फेऱ्यांमध्ये आणखी घट झाली. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांवर चालणारे गाइड, टॅक्सीवाले, हॉटेलवाले यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

देशभराचा विचार केला तर एप्रिल २०१९ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत साडेचार टक्क्यांनी घटली. अनेक वर्षं सतत वाढणारा आकडा पहिल्यांदाच खाली आला होता. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर असताना तिकिटं महागली ती वेगळीच.

दुसरीकडे नोकरी मिळाली नाही का?

काहींना लगेच मिळाली. उड्डाणं थांबल्यावर दोनच दिवसांत स्पाइसजेटने सांगितलं की जेटच्या १०० हून अधिक पायलटांसह ५०० हून जास्त लोकांना आम्ही कामावर घेतलं आहे. कारण स्पाइसजेटकडेही बोईंग ७३७ विमानं होती आणि जेटची काही विमानं तिच्याकडेच जाणार होती.

हे 'कारण' महत्त्वाचं आहे. पायलटचं लायसन्स विशिष्ट प्रकारच्या विमानासाठी असतं. बोईंग उडवणाऱ्याला इंडिगोचं एअरबस उडवायचं तर पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं. विमानाच्या तपासणीवर सही करणाऱ्या इंजिनियरचंही तसंच. तरी यांच्या हाती निदान एक असं कौशल्य होतं जे बाजारात दुर्मीळ आहे.

अडचण झाली ती जमिनीवरच्या लोकांची. वीस वर्षं चेक-इन काउंटर किंवा कार्गोचं काम केलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला पर्याय कमी होते. कंपन्यांना त्या जागेवर कमी पगारात तरुण मुलं मिळत होती. केबिन क्रूमधल्या ज्येष्ठांचीही हीच गत झाली. ज्यांनी कसंबसं पुन्हा बस्तान बसवलं, त्यांच्यापुढे वर्षभरात कोविड उभा राहिला. मार्च २०२० मध्ये देशातली प्रवासी विमानसेवा दोन महिने पूर्ण बंद झाली आणि या क्षेत्रात पगारकपात व बिनपगारी रजेची लाट आली.

२००८ मध्ये मात्र नोकऱ्या वाचल्या होत्या

मुंबईकरांना एक जुनी घटना आठवत असेल. ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने एका फटक्यात सुमारे १,९०० लोकांना कामावरून काढायचं ठरवलं. गणवेशातले तरुण कर्मचारी थेट मनसेचे राज ठाकरे यांच्याकडे गेले. राजकीय दबाव वाढला आणि दुसऱ्याच दिवशी रात्री नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेत असल्याचं जाहीर केलं.

२०१९ मध्येही कर्मचाऱ्यांनी मोर्चे काढले, मुंबईत आणि दिल्लीत जंतरमंतरवरही. मग फरक काय पडला? २००८ मध्ये समोर एक चालू कंपनी होती आणि निर्णय फिरवू शकणारा मालक होता. २०१९ मध्ये मालक बाहेर गेला होता आणि तिजोरी रिकामी होती. आंदोलन करायचं तर कुणाविरुद्ध, हाच प्रश्न होता.

इथे आणखी एक बाब फारशी कुणाला माहीत नसते. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार मोठा कारखाना बंद करायचा तर सरकारची आधी परवानगी लागत असे. पण ती अट होती कारखाने, खाणी आणि मळे यांना. विमान कंपनी त्यात बसत नाही. हजारो लोकांना रोजगार देणारी एअरलाइन एका संध्याकाळी बंद होऊ शकते ती यामुळेच.

कायद्यात कामगारांचा नंबर कितवा?

बोलताना आपण 'कंपनीचं दिवाळं निघालं' म्हणतो. कायद्यात त्याचे दोन टप्पे आहेत. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ नुसार आधी कंपनी वाचवायचा प्रयत्न होतो. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, एक रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमतं. तो कारभार हातात घेतो, सगळ्यांचे दावे गोळा करतो आणि नवा मालक शोधतो. त्यासाठी जास्तीत जास्त ३३० दिवसांची मुदत आहे. नवा मालक मिळाला नाही, तर दुसरा टप्पा, म्हणजे लिक्विडेशन. विका आणि वाटा.

वाटायचं कुणाला, याची क्रमवारी संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. ती साधारण अशी:

१. सगळ्यात आधी ही प्रक्रिया चालवण्याचा खर्च.
२. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँकांचं कर्ज. हे दोघे एकाच पायरीवर.
३. मग 'कामगार' या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी.
४. मग विनातारण कर्ज देणारे.
५. मग सरकारची देणी.
६. त्यानंतर इतर देणेकरी आणि सगळ्यात शेवटी शेअरहोल्डर.

म्हणजे कागदावर कामगार वरच्या पायरीवर आहेत. शिवाय पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम ही कंपनीची मालमत्ताच धरली जात नाही. ती वाटपातून बाहेर, थेट कर्मचाऱ्याची.

मग अडतं कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे मत. कंपनीचं भवितव्य ठरवते ती कर्ज देणाऱ्यांची समिती. त्यात मतं असतात बँकांना. कर्मचारी 'ऑपरेशनल क्रेडिटर' या गटात येतात. या गटाची देणी एकूण कर्जाच्या किमान १० टक्के असतील तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो, पण मत देऊ शकत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. वर दिलेले २४ आणि १२ महिने मोजायचे ते लिक्विडेशन सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे. आता जेटच्या तारखा बघा. पगार थकले २०१९ च्या सुरुवातीला. लिक्विडेशनचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्यामागची २४ महिन्यांची खिडकी पोहोचते नोव्हेंबर २०२२ पर्यंत. तेव्हा जेटचं एकही प्रवासी विमान उडत नव्हतं. कंपनी वाचवायचा प्रयत्न जितका लांबतो, तितके प्रत्यक्ष घाम गाळलेले महिने या खिडकीच्या बाहेर सरकत जातात. आणि पहिल्या पायरीवरचा, प्रक्रिया चालवण्याचा खर्च मात्र दर महिन्याला वाढत जातो.

तिसरं म्हणजे मालमत्ता. विकायला काहीतरी हवं ना? विमान कंपनीची बहुतेक विमानं तिची नसतातच, ती भाड्याची असतात. पैसे थकले की मूळ मालक ती घेऊन जातो. जेटची उड्डाणं थांबायच्या आठवडाभर आधी एका कार्गो एजंटने थकबाकीपोटी अॅमस्टरडॅम विमानतळावर जेटचं बोईंग ७७७ अडकवून ठेवलं होतं. विमानतळावर विमान उतरवायच्या आणि उडवायच्या ठरलेल्या वेळा, म्हणजे स्लॉट, हीसुद्धा कंपनीच्या मालकीची वस्तू नाही. जेटचे सुमारे ४४० स्लॉट रिकामे झाले, त्यातले २८० च्या आसपास मुंबईतले. प्रवाशांचे हाल होऊ नयेत म्हणून ते इतर कंपन्यांना वाटण्यात आले. प्रवाशांसाठी ते गरजेचंच होतं. पण जेट विकत घ्यायला येणाऱ्यासाठी त्यानंतर उरलं काय? नाव, परवाना, मोजकी विमानं आणि कर्जाचा डोंगर.

पाच वर्षांत कोर्टात काय काय झालं?

२० जून २०१९ ला एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने जेटचं प्रकरण दाखल करून घेतलं. नवा मालक मिळता मिळत नव्हता. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये मुरारीलाल जालान आणि कालरॉक कॅपिटल यांच्या गटाची योजना बँकांनी मंजूर केली. २२ जून २०२१ ला एनसीएलटीनेही तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. या गटाने पाच वर्षांत एकूण ४,७८३ कोटी रुपये द्यायचे होते.

कर्मचारी संघटनांनी या योजनेला आव्हान दिलं, कारण त्यात कर्मचाऱ्यांच्या वाट्याला अगदीच थोडं येत होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने निकाल दिला की पीएफ आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी कर्मचाऱ्यांना द्यावीच लागेल. नव्या मालकांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३० जानेवारी २०२३ ला ते अपील फेटाळलं गेलं. बुडालेल्या कंपनीत नवा मालक आला तरी पीएफ-ग्रॅच्युइटी टाळता येत नाही, हे यातून ठळक झालं.

मधल्या काळात मे २०२२ मध्ये जेटला उड्डाणाचा परवानाही पुन्हा मिळाला होता. नवी भरती सुरू झाली, काही जुने लोक आशेने परतले. पण पैशांवरून बँका आणि नवे मालक यांचं पटेना. वर्ष संपायच्या आत त्यातल्या काहींचे पगार कापले गेले, काहींना बिनपगारी रजेवर पाठवलं गेलं. प्रवासी घेऊन एकही विमान उडालं नाही.

नव्या मालकांनी ३५० कोटींचा पहिला हप्ता भरायचा होता. त्यांनी २०० कोटी घातले आणि उरलेले १५० कोटी आधी दिलेल्या बँक गॅरंटीतून वळते करून घ्या, असा आग्रह धरला. मार्च २०२४ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने कौल दिला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने तो निकाल रद्द केला, राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा विशेष अधिकार वापरून लिक्विडेशनचा आदेश दिला, २०० कोटी जप्त करायला सांगितले आणि १५० कोटींची गॅरंटी वटवायची मुभा बँकांना दिली.

जेट एकटी नाही

याआधी २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. तेव्हा ही संहिता नव्हती. कर्मचाऱ्यांचे महिनोन्महिने पगार थकले. विलेपार्ल्यातलं किंगफिशर हाऊस बँकांनी २०१६ मध्ये लिलावात काढलं तेव्हा राखीव किंमत होती १५० कोटी. लिलावामागून लिलाव फसले आणि २०२१ मध्ये ती इमारत विकली गेली सुमारे ५२ कोटींना. उशीर झाला की किंमत कशी विरघळते, याचं हे मुंबईतलंच उदाहरण.

जेटनंतर मे २०२३ मध्ये वाडिया समूहाच्या गो फर्स्टने स्वतःहून एनसीएलटीत धाव घेतली. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वेळेवर मिळत नसल्याने निम्मी विमानं जमिनीवर आहेत, असं तिचं म्हणणं होतं. विमानांचे परदेशी मालक भडकले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ मध्ये ५४ विमानांची नोंदणी रद्द झाली आणि ती त्यांच्या मालकांकडे जायचा मार्ग मोकळा झाला. जानेवारी २०२५ मध्ये गो फर्स्टच्याही लिक्विडेशनचा आदेश आला.

आता तर नियमच बदलला आहे. एरवी कंपनी नादारीत गेली की तिच्याकडून कुणीच वसुली करू शकत नाही, असं संरक्षण मिळतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विमानं आणि इंजिनं त्यातून वगळली. २०२५ मध्ये विमानमालकांचे हक्क जपणारा वेगळा कायदाही झाला. यामागचं कारण पटण्यासारखं आहे: विमान परत मिळेल याची खात्री नसेल तर परदेशी कंपन्या भारताला जास्त भाडं लावतात आणि शेवटी तिकीट महागतं. पण याची दुसरी बाजू अशी की पुढची एअरलाइन अडचणीत आली तर तिची विमानं आणखी लवकर निघून जातील. विमानांशिवाय एअरलाइन वाचवणार कशी, आणि वाचली नाही तर कर्मचाऱ्यांना देणार कशातून, हे प्रश्न उरतात.

गिरणीची जमीन होती, एअरलाइनचं काय?

मुंबईला मोठे उद्योग बंद पडणं नवीन नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकामागोमाग बंद होत गेल्या आणि लाखो घरांचा आधार तुटला. गिरणी कामगारांना न्याय मिळाला असं कुणी म्हणणार नाही. तरी एक गोष्ट होती: गिरणी गेली पण गिरणीची जमीन जागेवर होती. त्या जमिनीवर हक्क सांगता आला, त्यासाठी वर्षानुवर्षं लढता आलं आणि उशिरा का होईना, काही हजार कामगारांना म्हाडाच्या सोडतीतून घरं मिळाली.

एअरलाइन बंद पडली की मागे अशी जमीन राहत नाही. मालमत्ता उडून जाते, ती अगदी शब्दशः. राहतात ती फक्त माणसं आणि त्यांचे दावे. म्हणून अशा कंपन्यांच्या बाबतीत कामगारांचा खरा शत्रू कायद्यातली पायरी नाही, तर उशीर आहे. विमानमालकांसाठी सरकारने वेगळी तरतूद केली, कारण त्यांची वस्तू पडून राहिली तर तिची किंमत घटते, हे मान्य झालं. थकलेल्या पगाराचंही तेच होतं. २०१९ मध्ये मुलाच्या फीसाठी हवे असलेले पैसे २०२५ मध्ये मिळाले, तर ते वर्ष परत येत नाही. पण त्यासाठी अशी वेगळी घाई अजून कायद्यात नाही.

तुमच्या कंपनीत पगार थकू लागला तर?

जेटच्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवातून कुठल्याही नोकरदाराला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी:

पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. पगारातून पैसे कापले जातात पण खात्यात जमा होत नाहीत, ही कंपनी अडचणीत असल्याची खूण असू शकते. उमंग अॅपवर हे पासबुक दिसतं.

नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, हजेरीच्या नोंदी यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. कंपनीचा ईमेल आणि पोर्टल एका दिवसात बंद होऊ शकतं. त्यानंतर थकबाकी सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते.

कंपनी नादारीत गेली की रिझोल्यूशन प्रोफेशनल वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. एक इंग्रजी दैनिकात आणि एक प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, म्हणजे महाराष्ट्रातल्या कंपनीसाठी सहसा मराठीत. त्या सूचनेत दाव्याची मुदत असते. दावा आपोआप धरला जाईल असं गृहीत धरू नका, ठरलेला फॉर्म भरून तो वेळेत द्या. त्यासाठी फी लागत नाही. सगळ्यांच्या वतीने एक प्रतिनिधीही दावा करू शकतो.

आणि एकटे लढू नका. जेटमध्ये पीएफ-ग्रॅच्युइटीचा जो निकाल लागला, तो कर्मचारी संघटना कोर्टात टिकून राहिल्या म्हणून लागला. बँकांकडे वकिलांची फौज असते. एकट्यादुकट्या कर्मचाऱ्याला पाच वर्षं तारखा परवडत नाहीत, पण वर्गणी काढून हजार जणांना परवडू शकतात.